विश्लेषण : सह्याद्रीत वाघ परतला… रत्नागिरीच्या डोंगरवाड्यांचे काय?

ताडोबातून आणलेल्या वाघिणींमुळे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प पुन्हा चर्चेत आला आहे. या प्रकल्पाची पश्चिमेकडची कड रत्नागिरी जिल्ह्यात उतरते. कड्याखालच्या वाड्यांमध्ये माणसे कमी होत आहेत आणि गवे, रानडुकरे, माकडांचा वावर वाढला आहे. लडाखपासून आफ्रिकेपर्यंत जगातल्या बहुतेक डोंगराळ भागांत आज एकच प्रश्न विचारला जातो. वन्यजीव वाचावेत असे सगळ्यांनाच वाटते, पण त्याची किंमत कोणी मोजायची? या प्रश्नाचा रत्नागिरीच्या दृष्टीने घेतलेला आढावा…

सह्याद्रीत नेमके काय घडले?

कोयना वन्यजीव अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान एकत्र करून जानेवारी २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. राज्यातला हा चौथा व्याघ्र प्रकल्प. क्षेत्रफळ सुमारे ११६५ चौरस किलोमीटर, त्यापैकी सुमारे ६०० चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आणि उरलेले बफर क्षेत्र. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. नाव व्याघ्र प्रकल्प असले तरी अनेक वर्षे इथे वाघाचे दर्शन दुर्मीळच होते. मे २०१८ मध्ये चांदोलीतल्या कॅमेऱ्यात एका वाघाचे छायाचित्र आले. त्यानंतर पुन्हा मोठा खंड पडला. डिसेंबर २०२३ मध्ये एक नर वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला आणि त्यापुढच्या काळात आणखी नरांची नोंद झाली. मादी मात्र नव्हती. ही कमतरता भरून काढण्यासाठी केंद्राने ताडोबा आणि पेंच इथून तीन नर आणि पाच माद्या अशा आठ वाघांच्या स्थलांतराला परवानगी दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातली ‘चंदा’ ही वाघीण चांदोलीत आणली गेली. इथे तिचे नाव ‘तारा’ ठेवण्यात आले. पाठोपाठ डिसेंबरमध्ये दुसरी वाघीण आली, तिचे नाव ‘हिरकणी’.

वाघीण बाहेरून का आणावी लागली?

वयात आलेला नर वाघ आईचे क्षेत्र सोडून लांबवर भटकतो. शेकडो किलोमीटरचा प्रवास करून तो नवे रान शोधतो. माद्या सहसा जन्मस्थळाच्या आसपासच आपले क्षेत्र बसवतात. सह्याद्रीच्या उत्तर भागात आलेले नर दक्षिणेकडून, म्हणजे कर्नाटकातले काळी (दांडेली) व्याघ्र प्रकल्पाचे जंगल, गोवा, सिंधुदुर्ग आणि राधानगरी या डोंगररांगेच्या मार्गाने येतात. हा भ्रमणमार्ग टिकावा म्हणून राज्य सरकारने तिलारी, आंबोली-दोडामार्ग, गगनबावडा, विशाळगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रे जाहीर केली आहेत. पण रस्ते, खाणी, धरणे, वृक्षतोड यांनी हा मार्ग जागोजागी बारीक झाला आहे. नर कसाबसा येतो, मादी पोहोचत नाही. मादीच नसेल तर नरही फार काळ थांबत नाही. म्हणून वाघिणी आणण्याचा निर्णय झाला.

रत्नागिरीचा याच्याशी संबंध काय?

रत्नागिरी म्हटले की समुद्र आणि हापूस डोळ्यांसमोर येतो. पण खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर या तालुक्यांची पूर्व सीमा म्हणजे सह्याद्रीची उभी भिंत आहे. समुद्रसपाटीजवळच्या खोऱ्यातून हा डोंगर थेट हजार मीटरच्या आसपास चढतो. हिमालयाच्या किंवा अँडीजच्या मानाने ही उंची किरकोळ. पण इथला पाऊस, कडे आणि घनदाट जंगल यांमुळे माणसाच्या वाट्याला येणाऱ्या अडचणी उंच पर्वतांतल्यासारख्याच आहेत. वस्ती विरळ, शेती उतारावरची, रस्ता पावसाळ्यात बेभरवशाचा आणि दवाखाना लांब.

चांदोली राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग संगमेश्वर तालुक्यात येतो. इथले गोठणे हे गाव उद्यानाच्या हद्दीत होते, त्याचे पुनर्वसन घाटाखाली करण्यात आले. प्रचितगडाच्या पायथ्याचे शृंगारपूर, नायरी, त्याच रांगेखालचे कुंडी, निगुडवाडी, चिपळूणमधले तिवरे, खेडमध्ये रघुवीर घाटाच्या पायथ्याचे खोपी ही सगळी गावे या जंगलाच्या उंबऱ्यावर आहेत. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात महाराष्ट्रातली चार स्थळे आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. म्हणजे या गावांच्या डोक्यावरचे रान जगाच्या दृष्टीने अनमोल आहे.

कोयनेचे पाणीही इकडेच येते. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी बोगद्यांतून चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला उतरते, वीज तयार करते आणि मग वाशिष्ठी नदीला मिळते. राज्याला वीज आणि देशाला जैवविविधता देणारा हा डोंगर आहे. त्यासाठी घर-जमीन सोडणारी माणसेही याच डोंगरातली. कोयना आणि चांदोलीच्या विस्थापितांची पुनर्वसनाची आंदोलने कित्येक दशके चालली.

डोंगरात कोण राहते?

सह्याद्रीच्या माथ्यावर आणि उतारांवर गवळी धनगरांचे धनगरवाडे आहेत. म्हशी पाळणे, दूध-तूप विकणे, उतारावर नाचणी आणि वरी घेणे हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जगणे. मेंढपाळ धनगरांपेक्षा त्यांची राहणी वेगळी, कारण या पावसात मेंढी टिकत नाही, म्हैस टिकते. खाली कुणबी, मराठा, बौद्ध वाड्या आहेत, काही ठिकाणी कातकरी वस्त्या आहेत. या सगळ्यांचा जंगलाशी रोजचा संबंध. गुरे चारणे, लाकूडफाटा, कवळ तोडणे, हिरडा-बेहडा गोळा करणे आणि मध काढणे.

पूर्वी कुमरीची, म्हणजे फिरती शेती होती. पीक तयार झाले की माळा बांधून रात्रभर राखण व्हायची. डबे वाजवायचे, शेकोटी पेटवायची, गोफण फिरवायची. प्रत्येक वाडीत राखणीला तरणी माणसे होती. ती आज नाहीत, आणि वन्यजीवांच्या उपद्रवाची चर्चा करताना नेमकी हीच गोष्ट सुटून जाते.

माणसे कमी झाली, मग उपद्रव वाढला कसा?

जनगणनेचे आकडे पाहा. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती, २०११ मध्ये ती सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना इथे ८० हजारांहून अधिक माणसे घटली. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हे प्रमाणही तेच सांगते. कमावते पुरुष मुंबई-पुण्याला आहेत. घाटाखालच्या वाड्यांत वृद्ध मंडळी आणि काही बायाबापड्या राहिल्या आहेत. अनेक घरे फक्त गणपती आणि शिमग्याला उघडतात.

घर बंद झाले की शेत पडीक पडते. पडीक शेतात दोन-तीन वर्षांत रानमोडी आणि झुडपे माजतात. रानडुकराला लपायला याहून चांगली जागा नाही. जंगल पूर्वी वाडीपासून तासाभराच्या चालीवर होते, ते आता पडवीपर्यंत आले. गवे भातात आणि काजूच्या कलमांत उतरतात. माकडे आणि वानर आंबा, काजू, नारळ, परसातली भाजी काहीही सोडत नाहीत. मागे राहिलेल्या दोन-चार घरांनी शेती केली तर सगळ्या परिसरातल्या प्राण्यांचा भार त्यांच्याच शेतावर येतो. मग तेही शेती सोडतात आणि पडीक जमीन आणखी वाढते. असे हे चक्र आहे.

बिबट्याचेही तसेच. वाडीतली कुत्री, शेळ्या, कोंबड्या त्याला जंगलातल्या भेकरापेक्षा सोप्या पडतात. त्यांचा पाठलाग करताना बिबटे कठडा नसलेल्या विहिरीत पडतात, रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासकीत अडकतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बिबट्या आणि गवा दोन्ही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणात आहेत. फासकी डुकरासाठी लावली होती, हा बचाव कायद्यापुढे चालत नाही.

वाघामुळे धोका वाढेल का?

वाघाला भरपूर भक्ष्य आणि शांतता लागते. सह्याद्रीत त्याचे मुख्य भक्ष्य गवा आणि सांबर आहे. ते गाभा क्षेत्रात पुरेसे असेल तर तो विनाकारण खाली उतरत नाही. उभे कडे हीदेखील एक नैसर्गिक अडचण आहे. त्यामुळे उद्याच वाडीत वाघ येईल ही भीती अनाठायी आहे. मात्र तो कधीच येणार नाही, असे आश्वासनही कोणी देऊ शकत नाही. माथ्यावर चरायला जाणाऱ्या म्हशी आणि गुरे ही पहिली संपर्काची जागा असेल आणि त्याचा पहिला फटका धनगरवाड्यांना बसेल.

वाघ आला की डुकरे, माकडे आपोआप कमी होतील, अशीही एक अपेक्षा ऐकू येते. तीही फारशी खरी नाही. पिकांचे नुकसान करणारे प्राणी पडीक रानात आणि बागायतीत राहतात. वाघ राहतो तो आत. म्हणजे वाघ हा शेतीच्या नुकसानीवरचा उपाय नाही. उलट, नुकसानीने आधीच वैतागलेल्या गावाला ‘आता वाघही आणला’ असे वाटले, तर प्रकल्पाविषयीची नाराजी वाढेल. विष घातलेले एक जनावर किंवा एक फासकी एवढ्यावर कोट्यवधींचा प्रयोग कोसळू शकतो.

जगातल्या इतर पर्वतांत काय केले जाते?

हिमालयात हाच पेच हिमबिबट्याचा आहे. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या शास्त्रीय गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. हिमबिबट्या गोठ्यात शिरला की एका रात्रीत अनेक मेंढ्या मारतो. कुटुंबाची वर्षाची कमाई जाते आणि मग त्याला मारण्याची भाषा सुरू होते. लडाखमध्ये यावर दोन साधे उपाय झाले. गोठ्यांना वरून जाळी आणि भक्कम दरवाजे बसवले गेले. हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबकसारख्या गावांत पर्यटकांना घरात उतरवण्याची, म्हणजे होमस्टेची व्यवस्था उभी राहिली. हिमबिबट्या पाहायला येणाऱ्याचे पैसे थेट मेंढ्या पाळणाऱ्या घरात जाऊ लागले. हिमाचलच्या स्पितीत किब्बर परिसरातल्या गावकऱ्यांनी स्वतःचीच जनावर विमा योजना चालवली. गावकरी हप्ता भरतात, बाहेरून थोडी मदत मिळते आणि जनावर मेले की निर्णय गावातली समिती करते.

आफ्रिकेतल्या रवांडात ज्वालामुखी पर्वतांवर पहाडी गोरिला राहतात. त्यांना पाहण्याच्या परवान्याचे शुल्क दीड हजार डॉलर आहे आणि राष्ट्रीय उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नाचा दहा टक्के वाटा आसपासच्या गावांना दिला जातो. जगभरातल्या पहाडी गोरिलांची संख्या हजाराच्या पुढे गेली आणि २०१८ मध्ये त्यांची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ गटात करण्यात आली.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजमध्ये विकुन्या हा उंटाच्या कुळातला, अतिशय तलम लोकरीचा प्राणी शिकारीमुळे संपत आला होता. बंदी आलीच, पण पुढे पेरू आणि शेजारच्या देशांनी डोंगरी समाजांना हे प्राणी जिवंत पकडून, लोकर कापून पुन्हा सोडण्याचा हक्क दिला. काही हजारांवर आलेली संख्या आज लाखांत आहे.

या सगळ्या उदाहरणांत एक धागा समान आहे. प्राणी जिवंत असण्याचा फायदा त्याच गावाला मिळाला, ज्याला त्याचा त्रास होतो. जिथे त्रास गावाला आणि फायदा दूरच्या शहराला, तिथे संवर्धन टिकलेले नाही.

इथे तसे काही घडते आहे का?

रत्नागिरीची एक खास अडचण आहे. इथले बहुतांश जंगल खासगी मालकीचे आहे. व्याघ्र प्रकल्पाबाहेरचे रान वन विभागाच्या नव्हे तर शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर असते. मुंबईत राहणाऱ्या वारसांना त्याचे काही उत्पन्न नसते. मग ठेकेदार येतो, रोख रक्कम देतो आणि सरसकट तोड होते. मोठी बेहड्याची झाडे गेली की त्यांच्या ढोलीत घरटी करणारे धनेश आणि ककणेर जातात.

यावर काही वेगळे प्रयत्न झाले आहेत. ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ या पुण्याच्या संस्थेने संगमेश्वर तालुक्यात गावकऱ्यांशी करार करून खासगी जंगले आणि देवरायांची राखण केली. तोड न करण्याच्या बदल्यात मालकाला मोबदला, असे त्याचे स्वरूप. बेहडा आणि हिरड्याची फळे नीट गोळा करून त्यांना चांगला भाव मिळवून देण्याचे काम संस्थेने उत्तर सह्याद्रीत केले. फळाचे पैसे मिळाले तर झाड उभे राहते आणि धनेशाचे घरटेही. देवरुखमध्ये स्थानिक कार्यकर्ते धनेशाच्या घरट्यांची राखण आणि रोपवाटिकेचे काम करतात. देवरायांची परंपरा तर मुळातच गावाची. देवाच्या नावाने का होईना, गावाने स्वतःच्या नियमाने राखलेले हे जंगल आहे.

हे प्रयत्न लहान आहेत. पण लडाख आणि पेरूमधलेच तत्त्व त्यांच्यामागे आहे.

नुकसानभरपाईचे नियम काय सांगतात?

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणसाचा मृत्यू झाल्यास राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देते. गाय, बैल किंवा म्हैस मारली गेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यातली कमी असलेली रक्कम मिळते. शेळी-मेंढीसाठी हीच मर्यादा १५ हजार रुपये आहे. त्यासाठी घटनेची माहिती ४८ तासांत जवळच्या वन अधिकाऱ्याला द्यावी लागते आणि पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागेवरून हलवायचे नसते. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

कागदावर हे ठीक वाटते. पण धनगरवाड्यावरची म्हैस रानात मेली तर ती सापडायलाच दोन दिवस जातात. मोबाइलला रेंज नसते. वनरक्षक चालत येईपर्यंत तरस-कोल्ह्यांनी मढे खाल्लेले असते, मग मारले कोणी हे सिद्ध होत नाही. शेतीच्या नुकसानीत आणखी एक अडचण. सातबारा आजोबांच्या नावावर, वारस दहा आणि त्यातले आठ मुंबईत. अर्ज करायचा कोणी आणि सह्या कोणाच्या? दुभत्या म्हशीचे नुकसान फक्त तिच्या किमतीचे नसते, पुढच्या दोन-तीन वर्षांच्या दुधाचेही असते. ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

वनहक्क कायदा, २००६ खालीही गवळी धनगरांचा मार्ग सोपा नाही. ते अनुसूचित जमातीत नसल्याने ‘अन्य पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. कागद न बाळगणाऱ्या समाजाला ही अट जड जाते.

पुढे काय करता येईल?

पहिली गोष्ट पंचनाम्याची. गावातल्याच दोन-तीन तरुणांना प्रशिक्षण देऊन मोबाइलवर छायाचित्र आणि ठिकाण नोंदवण्याचा अधिकार दिला तर ४८ तासांची अट अर्थपूर्ण होईल. दुसरी, धनगरवाड्यांवर बंदिस्त गोठे. रात्री बांधलेली म्हैस सहसा वाचते, रानात राहिलेली जाते. तिसरी, विहिरींना कठडे किंवा जाळी. हा खर्च मामुली आहे आणि त्यात माणूस, गुरे, बिबट्या तिघेही वाचतात. चौथी, पडीक जमीन. शेजाऱ्याला किंवा बचत गटाला ती कसायला देण्यात मालकी जाण्याची भीती आडवी येते. मालकी सुरक्षित ठेवून ठरावीक मुदतीसाठी जमीन कसू देणारा सोपा करार उपलब्ध झाला तर वाडीभोवतीची झुडपे हटतील आणि राखणही एकत्र करता येईल.

पाचवी गोष्ट पर्यटनाची. वाघ पाहायला येणाऱ्यांची मोठी हॉटेले घाटमाथ्यावर उभी राहिली आणि संगमेश्वर-चिपळूणच्या वाड्यांना फक्त गव्यांचा त्रास उरला, तर रुंबकपासून आपण काहीच शिकलो नाही असे होईल. प्रचितगडाची वाट दाखवणारा, धनेशाचे घरटे ओळखणारा, नाचणीची भाकरी वाढणारा माणूस याच वाड्यांत आहे. त्याला परत यायला कारण मिळाले पाहिजे.

११ डिसेंबर हा दिवस २००३ पासून जगभर आंतरराष्ट्रीय पर्वत दिन म्हणून पाळला जातो. कोयनेच्या आसपासच्या लोकांना ही तारीख वेगळ्या कारणाने आठवते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे मोठा भूकंप झाला आणि डोंगरातली घरे कोसळली. सह्याद्रीतल्या माणसांनी धरण पाहिले, भूकंप पाहिला, अभयारण्य पाहिले, आता वाघ पाहतील. या प्रत्येक वेळी निर्णय बाहेर झाला आणि झळ त्यांनी सोसली. या वेळी तरी त्यांचा वाटा आधी ठरवला, तर तारा आणि हिरकणीच्या पिल्लांना राखणारे सर्वात जवळचे पहारेकरी या वाड्यांतूनच मिळतील.